बोळातली गरम हवा

थंडी तयार करणारं यंत्र या जगात नाही. हे वाक्य मी अकरावीच्या वर्गात इतकी वर्षं बोलत आले आहे की झोपेतही बोलेन. मुलं मान डोलावतात, लिहून घेतात आणि घरी जाऊन रिमोट सोळावर नेऊन ठेवतात. यंत्र फक्त उष्णता उचलतं. इथली उचलतं, तिथे नेऊन टाकतं आणि उचलायला जे कष्ट पडले त्यांचीही उष्णता वर भर घालून टाकतं. म्हणजे इथे जेवढं थंड झालं त्यापेक्षा जास्त तिथे तापलं. यात सूट नाही, सवलत नाही, कुणाच्या ओळखीने काम होत नाही. पुस्तकात या 'तिथे'ला परिसर असा सभ्य शब्द आहे. या वर्षी मार्चपासून तो परिसर म्हणजे माझ्या बापाचं तोंड होतं.

हे मी रागात लिहिते आहे. राग ओसरला की लिहू, असं ठरवून बघितलं. तो ओसरत नाही, तेव्हा आता आहे तसंच लिहिते.

आमचं घर गोरखपुरात, म्हणजे आमच्या जबलपूरच्या गोरखपुरात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. मी शाळेत फिजिक्स शिकवते, लग्न केलं नाही, आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी. बाबा डिफेन्सच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, हीट ट्रीटमेंट शॉपमधून. लोखंडाचे नग भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचे आणि तेलात बुडवून कडक करायचे, हे तिथलं काम. बाबा भट्टीच्या तोंडाशी असायचे आणि शेजारचे काका तेलाच्या टाकीशी. बाबांनी लांब सांडशीने लाल नग बाहेर ओढायचा, काकांनी तो आपल्या सांडशीत घ्यायचा आणि टाकीत सोडायचा. आयुष्यभर दोघांनी हेच केलं.

शॉपमध्ये ब्लोअरचा आवाज एवढा की कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून हाताच्या खुणा. मूठ वर केली की थांब. दोन बोटं ओठांना लावली की चहा. आणि काकांची पकड नगावर पक्की बसली की ते एक हात मोकळा करून पंजा उघडून दाखवायचे, म्हणजे आला, सोड. तो उघडा पंजा दिसल्याशिवाय बाबा आपली सांडशी ढिली करायचे नाहीत. लाल नग खाली पडला तर कुणाचा तरी पाय जायचा.

मी लहान असताना बाबांना विचारलं होतं की तेलात बुडवल्यावर नगातली आग कुठे जाते. बाबा म्हणाले, तेलात. मग तेलातून? शेडमध्ये. आणि शेडमधून? बाबांनी शर्टाची बाही वर करून दाखवली आणि म्हणाले, "आमच्या अंगात, अजून कुठे जाईल?" थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमाचा माझा पहिला धडा तो. नष्ट काही होत नाही, फक्त पसरतं, आणि एकदा पसरलं की कुणाच्या कामाचं राहत नाही. नगाला लाल करणारी तीच आग टाकीत गेली की तिच्यावर कपभर चहासुद्धा उकळता येत नाही.

दोघांनी प्लॉट शेजारी शेजारी घेतले, घरं एकाच साली बांधली. मध्ये एक बोळ सोडला, आडवा हात केला तर पलीकडे जवळजवळ पोचेल एवढा. वरच्या मजल्यावर दोघांनी आपापल्या खोलीच्या खिडक्या समोरासमोर काढल्या. मिस्त्री म्हणाला होता म्हणे, अशी खिडकी कुणी काढतं का, समोरच्याच्या घरात सगळं दिसेल. काका म्हणाले, दिसावं म्हणूनच काढून राहिलो.

ब्लोअरने दोघांचे कान खाल्ले होते. रिटायर झाल्यावर फोन त्यांच्या काहीच उपयोगाचा नव्हता, नुसतं "हॅलो, हॅलो" आणि मग एकमेकांना शिव्या. पण खिडकीत समोरासमोर बसले की शॉपमधल्या त्याच खुणांनी तासन् तास बोलायचे. नवीन खुणाही काढल्या होत्या. नाकाला बोट लावलं की माझी मोठी आत्या, पोटावरून हात फिरवला की नगरसेवक. चार वाजता दोन बोटं ओठांना लावून दोघं आपापल्या घरात चहाची ऑर्डर द्यायचे आणि मी किंवा काकांची सून खालून चहा घेऊन जायचो. बाबांनी गोहलपुरच्या एका वर्कशॉपात खास एक लांब सांडशी बनवून घेतली होती. तिच्या टोकात कडीचा डबा धरून बोळावरून पलीकडे द्यायचा. आमच्याकडून पुडाची वडी गेली की तिकडून खोव्याची जलेबी यायची. डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हा दोन्ही घरांचा कायदा. घरात काहीच नसलं तर एक लिंबू, नाहीतर गुळाचा खडा. आणि पलीकडून पंजा उघडून दिसल्याशिवाय बाबा डबा सोडायचे नाहीत. मी हसायचे. बाबा, जलेबी आहे ती, लाल नग नाही. ते म्हणायचे, सवय आहे, राहू दे.

दोन वर्षांपूर्वी बाबा बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं. पलंग आणि खिडकीतली खुर्ची, एवढंच राहिलं. मी म्हटलं खालच्या खोलीत राहा, मला सोपं, तुम्हाला सोपं, तिथे गारवाही आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं. विषय संपला. काकांचेही गुडघे गेलेले, वर दमा, तेही जिना उतरायचे नाहीत. म्हणजे दोघांना एकमेकांची भेट फक्त त्या खिडकीतून. बाबांच्या आयुष्यात आता दुसरं काही उरलंही नव्हतं. तेवढं नीट राहावं, एवढंच मला हवं होतं.

या फेब्रुवारीत काकांच्या मुलाने घर नवं करायला काढलं. हा मुलगा आमच्या डायनिंग टेबलवर वाढला, असं मी म्हणू शकते. अकरावी-बारावीत मी त्याला फिजिक्स शिकवलं, आमच्याच घरी, आईच्या हातचा चिवडा खात तो शिकला. दुसऱ्या नियमाचं विधान त्याने इतकं तोंडपाठ केलं होतं की स्वल्पविरामसुद्धा चुकायचा नाही. आता तो एका खाजगी कंपनीत इंजिनियर आहे. त्याने घराला समोरून चकाचक दगड लावला, दिवे लावले आणि वर चार एसी बसवले. एसीचे आतले भाग चार खोल्यांत गेले. बाहेरचे चारही डबे बोळात आले, आमच्या भिंतीकडे तोंड करून. त्यातला काकांच्या खोलीचा डबा त्यांच्या खिडकीखाली, बाबांच्या खिडकीच्या बरोब्बर समोर.

मी त्याच दिवशी गेले. तो फाटकातच भेटला, पाया पडला. पाया मात्र नेहमी पडतो.

"हे डबे समोरच्या भिंतीवर काहून नाही लावले?" मी विचारलं.

"ताई, समोरून लावले तर पूरा एलिव्हेशन खराब होते ना."

"आणि बाबांची खिडकी?"

"थोडे दिन बंद ठेवा ना. वैसे भी गर्मीत कोण उघडतो खिडकी?"

"तुला मी दुसरा नियम शिकवला होता."

तो हसला. मनापासून हसला, त्यात कुचकेपणा नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. "ताई, फिजिक्स अपनी जगह, घर अपनी जगह."

मी म्हटलं, मग छतावर ने. वर मोकळं आहे, तिथे आकाश तापव. तर म्हणतो, "छतावर नेले तर पाइप लंबा होते. बीच में कूलिंग का लॉस होते."

लॉस. हा शब्द ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार हात जास्त पाइपात त्याची कणभर थंडी सांडणार, तो लॉस. आणि इकडे एका म्हाताऱ्याच्या अंगावर दिवसभर भट्टी सोडली, त्याला काही नाव नाही. मी हे त्याला फाटकातच ऐकवलं, पार गल्लीला ऐकू जाईल असं ऐकवलं. त्याची बायको बाहेर आली, समोरचा किराणावाला बाहेर आला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाबांसाठीच करून राहिलो ना ताई. त्यांना दमा आहे. डॉक्टर बोलले, रूम कूल ठेवा."

हे खरं होतं. काकांचा दमा खरा होता, तो त्यांची काळजी घेतो हेही खरं होतं. पण ते एका डब्याचं उत्तर झालं. उरलेले तीन? एक नवरा-बायकोच्या बेडरूमचा, एक मुलीच्या खोलीचा, आणि चौथ्या खोलीत ट्रेडमिल. म्हणजे जागच्या जागी पळून अंगातली शक्ती घालवायची, घाम काढायचा, तो घाम यंत्राने वाळवायचा आणि त्याचीही उष्णता आमच्या खिडकीत फेकायची. वीज जाळून घाम आणि घाम घालवायला पुन्हा वीज, आणि मधल्यामध्ये कुणी एक पाऊलही पुढे गेलेलं नाही. वर्गात उदाहरण म्हणून सांगितलं असतं तर मुलांना खोटं वाटलं असतं.

एप्रिल लागला तशी बाबांची खिडकी बंद करावी लागली. ते डबे दिवसरात्र गुरगुरत असायचे. उघडी ठेवली तर गरम हवेचा झोत थेट खुर्चीवर. बंद केली तर कूलर फुकट, कारण कूलरची दमट हवा बाहेर जायला वाट हवी. खोलीचं न्हाणीघर व्हायचं. बाबांचे ओठ फुटले, पाठीवर घामोळं उठलं, जेवण निम्म्यावर आलं. मी ओल्या टॉवेलाने अंग पुसायचे आणि पुसता पुसता शिव्या द्यायचे.

"अवं, कायला ओरडून राहिली?" बाबा म्हणायचे. "भट्टीवरचा माणूस होय मी. ही काय गर्मी हाय?"

हीच ती चूक, जी फक्त भट्टीवरचे लोक करू शकतात. आयुष्यभर आगीसमोर उभे राहिले म्हणून आगीने आपल्याला सोडलं आहे असं त्यांना वाटतं. तेव्हा ते तिशीत होते, पाळी संपली की बाहेर झाडाखाली यायचे, माठातलं पाणी अंगावर ओतून घ्यायचे. आता ऐंशी ओलांडलेली, झाड नाही, पाळी संपत नाही. मी हे सांगितलं की ते मूठ वर करायचे. थांब.

आणि काकांना यातलं काही सांगायचं नाही अशी मला ताकीद. "त्याला वाटंल का याला गर्मी सहन होत नाही. हसंल तो."

पुण्याहून भावाचा फोन आला. त्याला सगळ्या प्रश्नांची उत्तरं ऑनलाइन सापडतात. दोन दिवसांत दारात एसी आला, मागोमाग बसवणारा आला. तो वर गेला, भिंती ठोकून बघितल्या आणि म्हणाला, "दीदी, बाहर का यूनिट तो इसी गली में लगेगा। और जगह नहीं है।" म्हणजे त्यांचा डबा आमच्यावर आग फेकणार, आमचा त्यांच्यावर, आणि बोळातली हवा दोन्हीकडून तापून तापून शेवटी दोन्ही यंत्रं धापा टाकत बसणार. मी हे त्याला समजावत होते तेवढ्यात बाबांनी खुर्चीतून विचारलं, काय म्हणून राहिला? मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं की आपला डबा काकांच्या खिडकीसमोर लागेल.

बाबांनी पंजा आडवा हलवला. ही खूण मला माहीत होती, भट्टीचं दार बंद कर.

"मी त्याच्या तोंडावर आग नाही सोडणार," ते म्हणाले. "परत कर ते."

एसी परत गेला. भाऊ चिडला, म्हणाला, तुम्ही दोघं एकोणिसाव्या शतकात राहता. मी फोन ठेवून दिला.

मग मी बाबांची ताकीद मोडली. शाळेला सुट्ट्या लागल्याच होत्या, भर दुपारी मी शेजारी गेले आणि सरळ वर काकांच्या खोलीत. आत गेल्यावर आधी अंगावर काटा आला, एवढं गार. बाहेर मे महिन्याचं जबलपूर भाजून निघत होतं आणि काका अंगावर शाल घेऊन बसले होते. मला बघितल्या बघितल्या त्यांनी तोंड फिरवलं.

"काहून आली? तुझ्या बापाने तर खिडकी लावून घेतली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दीड महिना हा माणूस समजत होता की बाबा रुसले आहेत. नवं घर बघून पोटात दुखलं म्हणून रुसले. त्याच्या मुलाने खिडकीच्या काचेला काळी फिल्म लावली होती, ऊन आत येऊ नये म्हणून, आणि वर जाड पडदा. त्या काळ्या काचेतून काकांना समोर फक्त बंद खिडकी दिसायची. बाबांना तर काहीच दिसायचं नाही.

मी ओरडून ओरडून सांगितलं. डबा, झोत, बाबांचे ओठ, घामोळं. काका ऐकत होते आणि मान हलवत होते.

"खोटं बोलून राहिली तू. तो भट्टीवरचा माणूस हाय. त्याला हवेचा झोत काय करंल?"

"काका, तो ऐंशी वर्षांचा भट्टीवरचा माणूस आहे!"

हे मी इतक्या जोरात बोलले की खालून सून धावत आली.  काका भिंतीचा आधार घेत उठले, उशाजवळचा रिमोट घेतला आणि एसी बंद केला. खिडकीशी गेले, पडदा ओढला, काच सरकवायला लागले. काच हलेना. कडेने पांढरा मसाला भरून ती पक्की केली होती, आतली थंडी फटीतून बाहेर जाऊ नये म्हणून. काकांनी दोन्ही हातांनी जोर लावला. मी लावला. तेवढ्यात भिंतीवरचा एसी टुणकन आवाज करून आपोआप पुन्हा सुरू झाला. सून म्हणाली, "एसी बंद झाला की मोबाईलवर येते ना ताई ह्यांच्या. ऑफिसमधून चालू करतात. बाबा बंद करतात म्हणून."

स्वतःच्या खोलीतलं बटण त्या माणसाच्या हातात नव्हतं. काका पलंगावर बसले आणि धाप लागून खोकत राहिले. मग मला म्हणाले, "त्याला सांग, मी नाही रुसलो."

संध्याकाळी मुलगा आमच्याकडे आला. बापाने त्याला काय ऐकवलं मला माहीत नाही, पण चेहरा उतरलेला होता. म्हणाला, रविवारी मेकॅनिक येईल, चारही डबे छतावर नेतो, काच मोकळी करतो. "पक्का ताई. लॉस होऊ दे." मी त्याला चहा विचारला नाही. एरवी आमच्या घरातून कुणी चहा न पिता जात नाही. पण त्या दिवशी माझा हातच वळला नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

मी वर जाऊन बाबांना सगळं सांगितलं. काका रुसले नाहीत हे ऐकल्यावर ते इतके खूश झाले की त्यांनी मला पलंगाखालून सांडशी काढायला लावली. तिच्या बिजागरीला गंज चढला होता. त्यांनी मांडीवर जुनं फडकं पसरून तेल लावलं, उघडझाप करून बघितली. शुक्रवारी मला पुडाची वडी करायला सांगितली. मी म्हटलं, आज केली तर रविवारपर्यंत राहणार नाही, शनिवारी करते.

शनिवारी सकाळी मी कणीक भिजवत होते आणि ओट्यावर मोबाईल वाजला. कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज होता. काकांचा फोटो, खाली जोडलेले हात, खाली 'सुबह पाँच बजे शांत हुए'. त्याखाली लोकांनी एकामागून एक जोडलेले हात टाकले होते. पीठ लागलेल्या बोटाने मी ते वर सरकवत राहिले. हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर माणूस गेला, आणि बातमी आमच्या घरी कुठल्याशा टॉवरवरून फिरून आली. आवाज आला नाही, कारण काच बंद. रडणं ऐकू आलं नाही, कारण डबे चालू.

मी तशीच धावत गेले. काका वर, त्यांच्याच खोलीत होते. झोपेतच गेले. बाया खाली बसल्या होत्या. मुलगा पलंगाशी उभा होता, लहान पोरासारखा रडत होता, आणि मला बघून म्हणाला, "ताई, बहीण बंगलोरहून येऊन राहिली. संध्याकाळची फ्लाइट आहे. तोपर्यंत..." आणि त्याने भिंतीकडे बघितलं. एसी सोळावर होता, पंखा पूर्ण. त्याही क्षणी मला त्याचा राग आला. तो रडत होता, त्याचा बाप गेला होता, आणि मला राग आला, हे मी लिहून ठेवते.  बोलण्यासारखं काही चुकीचं तो करतही नव्हता. मे महिन्यात दुसरं काय करणार?

बाबांना सांगताना मी ओरडले नाही. त्यांच्यासमोर बसले आणि खुणेने सांगितलं. खिडकीकडे बोट, मग डोळे मिटून मान कलती. त्यांना लगेच कळलं.

मी म्हटलं, चार जणांना बोलावते, खुर्चीसकट खाली नेतो, तिकडे वर चढवतो. जिना अरुंद आहे पण जमेल. ते नाही म्हणाले. नुसते पडलेले काका त्यांना बघायचे नव्हते.  पलीकडून डब्याचा घरघर आवाज येत होता. त्यांना तो ऐकू येत नव्हता, पण बंद खिडकीच्या काचेवर त्यांनी हात ठेवला तशी थरथर कळली.

"एसी चालू हाय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"त्याच्या खोलीतला?"

"हो. पोरगी येईपर्यंत थंड ठेवायला लागेल."

 तेल लावलेली सांडशी अजून खुर्चीला टेकून उभी होती.

"म्हणजे तिकडून जे बाहेर येऊन राहिलं, ते त्याच्या अंगातलंच ना?"

फिजिक्सच्या मास्तरणीला त्यात सांगण्यासारखं बरंच होतं. की त्यात भिंतींचंही आहे, हवेचंही आहे, यंत्र चालवायला लागलेल्या विजेचंही आहे, आणि ते वेगळं काढून दाखवता येत नाही. मी म्हटलं, "हो बाबा. त्यांच्याही अंगातलं आहे."

"उघड खिडकी."

"बाबा, झोत येईल."

"उघड."

मी उघडली. दीड महिन्यांनी उघडली. गरम हवेचा लोट आत घुसला, कॅलेंडर भिंतीवर फडफडलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिथेच वाळलं. समोर काळी काच, खाली फिरणारा पंखा. मला तो डबा सांडशीने फोडून टाकावासा वाटत होता. बाबा खुर्चीत पुढे वाकले. खिडकीतून त्यांनी उजवा हात बाहेर काढला, थेट झोतात धरला आणि पंजा पूर्ण उघडला, टाकीशी काका उघडायचे तसा.

हवा त्यांच्या बोटांमधून आत येत होती. दुपारपर्यंत त्यांनी हात आत घेतला नाही. थकला की कोपराखाली मी उशी ठेवायचे.